ॲड-ऑन टाकायच्या आधी तुम्ही नक्की काय बघता?

निळीशाई
आमच्या छोट्या टीममध्ये कॉम्प्युटरचं काही अडलं की सगळे माझ्याकडे येतात, कारण मी एकदा अडकलेला प्रिंटर चालू करून दाखवला होता. तेवढ्यावर माझा आयटी विभाग झाला. आता सगळ्यांना अख्ख्या वेबपेजचा स्क्रीनशॉट काढायचाय, म्हणजे खाली स्क्रोल केल्यावर जे दिसतं ते सगळं धरून, आणि त्यासाठी क्रोममध्ये टाकायला ॲड-ऑन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) हवंय. शोधून शोधून दोन निवडलीत.

एक नंबर: लाखो युजर्स, साडेचारच्या वर तारे, स्टोअरवाल्यांचा 'फीचर्ड' बिल्ला. टाकायला गेलं की म्हणतं "सर्व वेबसाइट्सवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे".

दोन नंबर: युजर्स जेमतेम काही हजार, तारे कमी, शेवटचं अपडेट दोन वर्षांपूर्वीचं. ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांना बघायला उघडा, असं म्हणतात. आणि टाकताना काही म्हणजे काहीच परवानगी विचारत नाही, त्यामुळे उलट त्याचाच जास्त संशय यायला लागलाय.

कुठलं टाकू? आणि मुळात तुम्ही लोक हे ठरवता कसं? कृपया "विश्वसनीय स्रोतावरूनच डाउनलोड करा" लिहू नका, ते सगळीकडे वाचून झालंय. विश्वसनीय कोण तेच तर कळत नाहीये.

फुकटफौजदार
काहीच टाकू नका. धागा संपला, दिवे मालवा.

पाटीपेन्सिल
मी तर सरळ युजर्सचा आकडा बघते. लाखो लोक वापरतायत म्हणजे काही गडबड असती तर एव्हाना कुणाच्या तरी लक्षात आलीच असती ना? माझं मत एक नंबरला.

कोडगा
@पाटीपेन्सिल, तसं असतं तर फार बरं झालं असतं. 'द ग्रेट सस्पेंडर' आठवतंय का कुणाला? न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारं. वीस लाखांच्या घरात युजर्स, ओपन सोर्स, वर्षानुवर्षं चांगलं नाव. २०२० च्या जूनमध्ये मूळ लेखकाने ते विकलं, कुणाला ते धड कळलंच नाही. मग स्टोअरवर एक आवृत्ती आली जी गिटहबवर (असा उघडा कोड ठेवायची साइट) नव्हतीच आणि ती बाहेरच्या सर्व्हरवरून स्क्रिप्ट ओढून चालवत होती. गिटहबवर बोंबाबोंब झाली, पण गूगलने ते काढलं २०२१ च्या फेब्रुवारीत. मधले महिने लोक निवांत वापरत होते, त्यातल्या किती जणांनी गिटहबवरची भांडणं वाचली असतील सांगा. बरं काढलं ते असं तडकाफडकी की झोपवलेले टॅब उघडेनात, लोक ॲड्रेसच्या शेपटातून मूळ लिंका उकरत बसले.

तर युजर्सचा आकडा ही जुन्या मालकाची कमाई असते, आजचा मालक कोण ते त्यात दिसत नाही. उलट आकडा जितका मोठा तितकं गिऱ्हाईक पटकन मिळतं. 'हॉवर झूम प्लस' या ॲड-ऑनच्या लेखकाने त्याला आलेल्या असल्या ऑफर्सची यादीच गिटहबवर उघड लावून ठेवलीय, वेळ असेल तर वाचा, करमणूक आहे. "तुमच्या ॲड-ऑनमध्ये आमचा एवढासा कोड टाका, युजरला काहीही कळणार नाही" छापाची पत्रं आहेत सगळी.

रात्रपाळी
म्हणजे घर दिलं एका सज्जन माणसाला आणि त्याने किल्लीसकट परस्पर पोटभाडेकरू ठेवला.

फुकटफौजदार
आणि पोटभाडेकरू रोज तुमची पत्रं वाचतोय, तुम्हाला वाटतंय जुनाच आहे, हल्ली जरा अबोल झालाय इतकंच.

चौकसमामा
मला एक सांगा, ते "वाचणे आणि बदलणे" म्हणजे नक्की काय हो? पासवर्ड पण दिसतो का त्यांना? मी तर समजत होतो ॲड्रेसच्या बाजूला कुलुपाचं चिन्ह असलं की काळजी नाही.

कोडगा
चौकसमामा, कुलूप असतं ते तुमचा ब्राउझर आणि ती साइट यांच्या मधल्या रस्त्यासाठी. ॲड-ऑन बसतं रस्त्याच्या अलीकडे, ब्राउझरच्या आत, जिथे पान उलगडून झालेलं असतं. त्यामुळे जे तुम्हाला दिसतं ते त्याला दिसतं, आणि थोडं जास्तच दिसतं. पासवर्डच्या जागी आपल्याला टिंबं दिसतात, त्याला अक्षरं वाचता येतात. शिवाय परवानगी घेतलेली असेल तर कुकीजही, म्हणजे तुम्ही लॉगिन आहात याची साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण. कुकी नेली की पासवर्डची गरजच नाही, तुम्ही आधीच लॉगिन झालेले आहात आणि तेच लॉगिन दुसरीकडे वापरता येतं. ओटीपी वगैरे सगळं वळसा घालून बाजूला. "बदलणे" म्हणजे पानात स्वतःची जाहिरात घुसवणे, लिंक बदलणे, फॉर्ममध्ये लिहिलेला खाते क्रमांक बदलणे, काहीही.

याचा अर्थ अशी परवानगी मागणारं प्रत्येक ॲड-ऑन हे करतं असा नाही. करू शकतं इतकाच.

आता @निळीशाई, तुमच्या दोन नंबरबद्दल. काही विचारत नाही म्हणून संशय येतोय ना? उलट आहे ते. क्रोममध्ये 'ॲक्टिव्ह टॅब' नावाची परवानगी असते. तुम्ही त्या ॲड-ऑनच्या बटणावर क्लिक केलं की समोरच्या त्या एका टॅबपुरता, तेवढ्या वेळापुरता प्रवेश मिळतो. टाकताना यासाठी काही इशारा दाखवत नाहीत कारण प्रत्येक वेळी तुम्ही क्लिक करून देताच आहात. स्क्रीनशॉटला हे पुरतं, अख्ख्या पानाच्या सुद्धा. मग एक नंबरवाल्याला सगळ्या साइट्स, सगळा वेळ कशाला हव्यात? मी बघतो ते हे आणि एवढंच: काम काय आणि मागतोय काय.

उंटावरची_शहाणी
कोडगा, हे स्क्रीनशॉटला ठीक आहे पण नियम म्हणून चालत नाही. ॲडब्लॉकर घ्या, पासवर्ड मॅनेजर घ्या, व्याकरण तपासणारं घ्या, डार्क मोडवालं घ्या. यातलं कुठलंही सगळ्या साइट्स वाचल्याशिवाय चालूच शकत नाही. युब्लॉक ओरिजिन तुमच्या कसोटीवर पहिल्या फटक्यात नापास होईल आणि माझ्या मते ते लोकांनी टाकलेल्या ॲड-ऑन्समधलं सगळ्यात जास्त रक्षण करणारं आहे, कारण जाहिरातींतून येणारी निम्मी घाण तेच अडवतं.

(आता क्रोमने मॅनिफेस्ट व्ही-२ ही ॲड-ऑन्सची जुनी पद्धत बंद केल्यामुळे तिथे ते चालत नाही, लाइट आवृत्ती आहे, फायरफॉक्सवर मूळचं चालतं. ते वेगळं रडगाणं.)

आणि नावाकडे नीट बघा. 'युब्लॉक' आणि 'युब्लॉक ओरिजिन' ही दोन वेगळी आहेत, वेगळ्या लोकांची. २०१७ मध्ये तर क्रोमच्या स्टोअरवर नकली ॲडब्लॉक प्लस होतं, तेच नाव तेच रूप, साधारण ३७,००० लोकांनी टाकून झाल्यावर काढलं. तेव्हा स्टोअरच्या सर्चमध्ये नाव टाकून पहिलं येईल ते घेऊ नये, मूळ लेखकाच्या साइटवर किंवा गिटहबवर जाऊन तिथून स्टोअरची लिंक पकडावी. एवढं एक जरी केलं तरी नकलांपासून बऱ्यापैकी सुटका.

पाटीपेन्सिल
पण मग मूळ लेखकाची साइट खरी कुठली हे कसं कळणार? गूगलवर शोधलं तर वरती जाहिरातीच असतात. ॲडब्लॉकर शोधायला ॲडब्लॉकर लागणार म्हणजे.

फुकटफौजदार
पाटीपेन्सिल ताईंनी सबंध इंटरनेटचं सार एका ओळीत सांगितलंय.

दोन_कार्टी_एक_राउटर
ब्राउझरचं चाललंय पण आमच्याकडे खरा वैताग गेमच्या मॉड्सचा (गेममध्ये वरून घालायच्या जोडांचा) आहे. थोरला माइनक्राफ्टमध्ये आठवड्याला नवीन काहीतरी घालत असतो आणि विचारलं की "सगळे हेच वापरतात". २०२३ च्या जूनमध्ये 'फ्रॅक्चरायझर' म्हणून प्रकार झाला होता ते माहितीये का? कर्सफोर्ज आणि बुक्किट या नेहमीच्या, नावाजलेल्या साइट्सवरच्या मॉड्समध्येच मालवेअर घुसवलं होतं, लेखकांची खाती बळकावून. आणि ते नुसतं बसून राहत नव्हतं, कॉम्प्युटरवरच्या बाकीच्या जार (जावा प्रोग्रामच्या) फायलींमध्ये पण शिरत होतं, ब्राउझरच्या कुकीज आणि लॉगिन चोरायला. म्हणजे "नेहमीच्या ठिकाणहूनच घे" हा माझा एकुलता एक उपदेश होता तो पण गेला. आणि मॉड म्हणजे जावाचा सरळ प्रोग्राम, परवानगी वगैरे विचारायची पद्धतच नाही तिथे.

शेवटी उपाय एकच केला. गेमच्या कॉम्प्युटरवर मोठ्यांपैकी कुणीही कुठेही लॉगिन करायचं नाही, मेल नाही बँक नाही. त्याच्यावर काय घालायचं ते घाल. शांतता आहे.

रात्रपाळी
+१. आणि ज्या गोष्टीवर सगळ्यात कमी बोललं जातं ती म्हणजे वर्डप्रेसचे (वेबसाइट बनवायच्या प्रोग्रामचे) प्लगिन, म्हणजे साइटचे ॲड-ऑन. मी लोकांच्या साइट्स सांभाळतो, त्यामुळे जरा लांबण लावतो, माफ करा.

ब्राउझरमध्ये घाण शिरली तर नुकसान तुमचं. साइटच्या प्लगिनमध्ये शिरली तर त्या साइटवर येणाऱ्या प्रत्येकाचं. २०१७ मध्ये 'डिस्प्ले विजेट्स' नावाचं प्लगिन होतं, दोन लाख साइट्सवर. तेही विकलं गेलं (पोटभाडेकरू, अध्याय दुसरा) आणि नव्या मालकाने त्यातून लोकांच्या साइट्सवर स्वतःची स्पॅम पानं टाकायला सुरुवात केली. गंमत म्हणजे साइटचा मालक लॉगिन असेल तर त्याला ती पानं दिसायचीच नाहीत. वर्डप्रेसच्या यादीतून ते काढलं, परत आलं, परत काढलं, असं बरेचदा झालं.

आणि यादीतून काढलं म्हणजे तुमच्या साइटवरून निघालं असं होत नाही, ते तिथेच राहतं, चालू राहतं, आणि डॅशबोर्ड तुम्हाला धड सांगतही नाही की बाबा हे बंद झालंय. मी म्हणून अधूनमधून प्रत्येक प्लगिनचं अधिकृत पान उघडून बघतो, "हे प्लगिन बंद करण्यात आलं आहे" अशी पाटी आहे का ते. कंटाळवाणं आहे पण करावं लागतं.

नल्ड प्लगिन, म्हणजे पैसे देऊन घ्यायचं ते कुणीतरी लायसन्स तोडून फुकट वाटलेलं, त्याच्याबद्दल काय बोलायचं. कुणी एवढे कष्ट करून तुम्हाला फुकट का वाटेल एवढाच प्रश्न स्वतःला विचारा. हे मी क्लायंटना सांगतो आणि ते मान डोलावतात आणि पुढच्या महिन्यात परत नल्ड थीम टाकून फोन करतात.

चौकसमामा
हे वाचून झोप उडाली. मग ती साइट सुरक्षित आहे का नाही ते सांगणारं एक ॲड-ऑन असतं ना, हिरवं लाल वर्तुळ दाखवणारं, ते टाकावं काय?

उंटावरची_शहाणी
मामा!! तुम्ही 'वेब ऑफ ट्रस्ट'बद्दल बोलत असाल तर बसून घ्या. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीच्या एनडीआर वाहिनीने उघड केलं की हेच ॲड-ऑन लोकांची ब्राउझिंग हिस्टरी गोळा करून पुढे विकतंय आणि त्यातून माणूस ओळखता येतोय. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने तेव्हा ते काढून टाकलं. कुठल्या साइटवर विश्वास ठेवायचा ते सांगणारं हे! कुंपणच शेत खात होतं.

'स्टायलिश'चं पण तेच, साइट्सचे रंगरूप बदलायचं साधं ॲड-ऑन, मालक बदलला आणि तुम्ही कुठे कुठे फिरता ती अख्खी हिस्टरी बाहेर जायला लागली. २०१८ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनी काढलं. मला यात बोचतं ते हे की दोन्ही वेळा ॲड-ऑन आपलं सांगितलेलं काम अगदी चोख करत होतं, त्यामुळे वापरणाऱ्याला शंका यायचं काही कारणच नव्हतं. तारे चांगलेच पडणार.

पाटीपेन्सिल
हो तारे म्हणजे ते नीट चालतंय का याचे, चोरी करतंय का याचे नाहीत. हे पटलं. मत मागे घेते.

बोरूबहाद्दर
तारे बघूच नका असं नाही, फक्त सरासरी बघू नका. रिव्ह्यू 'नवीन आधी' लावा आणि एक ताराचे वाचा. "अपडेट झाल्यापासून सर्च भलतीकडेच जातंय", "अचानक नवीन टॅबमध्ये जाहिराती", "परवानगी वाढवून मागतंय, का?" असलं काही मागच्या महिना दोन महिन्यांत दिसलं तर गाशा गुंडाळा. नॅनो ॲडब्लॉकरचं २०२० मध्ये असंच बाहेर आलं, लोक म्हणायला लागले की इन्स्टाग्रामवर आम्ही न बघितलेल्या फोटोंना आपोआप लाइक जातायत. ते पण विकलेलंच होतं. फायरफॉक्सवरची आवृत्ती दुसऱ्याच माणसाकडे होती म्हणून ती वाचली.

आणि पाच ताऱ्यांचे "nice" "good app" "very useful sir" एकाच दिवशी ढिगाने आले असतील तर ते कुठून आले ते कळायला फार अक्कल लागत नाही.

रच्याकने, प्रायव्हसी पॉलिसी कुणी वाचतं का?

फुकटफौजदार
मी वाचतो. झोप येत नसेल तेव्हा.

उंटावरची_शहाणी
मी खरंच वाचते, पण पूर्ण नाही. पानात 'थर्ड पार्टी', 'ॲनालिटिक्स', 'ॲग्रिगेट', 'पार्टनर्स' शोधायचं. स्क्रीनशॉट काढणाऱ्याला पार्टनर कशाला हवेत? आणि फुकट ॲड-ऑनमागे कंपनी असेल, मोठं ऑफिस दिसत असेल, तर पगार कशातून होतात हा प्रश्न विचारायचा. पैसे घेऊन विकत असतील किंवा देणगीवर चालत असेल तर निदान उत्तर दिसतं तरी.

कोडगा
थोडं ओपन सोर्सवर. कोड उघडा आहे म्हणजे कुणीतरी वाचला आहे असं नाही, आणि वाचला असला तरी स्टोअरवर तोच चढवला आहे याची खात्री नाही, ग्रेट सस्पेंडरचं तेच झालं. पण स्टोअरवरून आलेली फाइल ही शेवटी झिपच असते, उघडून आतली मॅनिफेस्ट फाइल बघता येते, त्यात परवानग्या आणि कुठल्या साइट्सवर चालणार ते सरळ लिहिलेलं असतं. प्रोग्रामर नसलात तरी तेवढं वाचता येईल.

व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या साइटवर टाकून बघायची सवय चांगली आहे पण "सगळं हिरवं आलं" याचा अर्थ फार घेऊ नका. सत्तरेक अँटीव्हायरस ओळखीचा दोष शोधतात. ॲड-ऑन आज स्वच्छ असून पुढच्या महिन्यात सर्व्हरकडून "आता सुरू करा" असा निरोप घेणारं असेल तर आज काय दिसणार?

श्रवणभक्ती
मी दृष्टिहीन आहे, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून ऐकवणारा प्रोग्राम) वापरतो. वरची चर्चा ऐकताना (अक्षरशः ऐकताना) एक गोष्ट सांगाविशी वाटली. फौजदार गमतीने म्हणाले काहीच टाकू नका, आणि बरेच जण ते गंभीरपणे पण म्हणतात. आमच्याकडे तो पर्याय नसतो. काही प्रोग्राम असे लिहिलेले असतात की बटणांना नावंच नाहीत, कुणीतरी खटपट करून ॲड-ऑन बनवतं तेव्हा तो प्रोग्राम आम्हाला वापरता येतो. नाहीतर नोकरीतलं ते काम दुसऱ्याला द्यायचं.

आणि हे ॲड-ऑन एनव्हीडीएच्या पोटात चालतं, पायथनमध्ये लिहिलेलं. परवानगी बिरवानगी काही नाही, जे एनव्हीडीएला दिसतं ते सगळं त्याला. ब्राउझरपुरतं पण नाही, अख्खा कॉम्प्युटर. २०२३.२ आवृत्तीपासून आतच ॲड-ऑन स्टोअर आलंय त्यामुळे कुठल्यातरी ड्राइव्हच्या लिंकवरून फाइल उचलणं कमी झालं, पण स्टोअरमध्ये आहे म्हणजे कुणी जामीन राहिलंय असं नाही.

मग आम्ही माणूस बघतो. लेखक मेलिंग लिस्टवर किती काळ आहे, तक्रार आली तर उत्तर देतो का, सोर्स कुठे ठेवलाय, त्याचं दुसरं काय वापरलंय. छोटा समाज आहे, लोक एकमेकांना ओळखतात, त्याचा फायदा होतो. आणि एक सेटिंग: विंडोजच्या लॉगिन स्क्रीनवर आणि 'हा प्रोग्राम चालू द्यायचा का' विचारणाऱ्या सुरक्षित स्क्रीनवर आपले ॲड-ऑन न्यायचे की नाही ते वेगळं ठरवता येतं, न्यायला गेलं तर एनव्हीडीए आधी इशारा देतो. तिथे मी एकही नेत नाही. तिथलं बोलणं साधं असलं तरी चालतं.

निळीशाई
श्रवणभक्ती, हा प्रतिसाद फार आवडला. हा कोन डोक्यातच आला नव्हता.

कोडगा
श्रवणभक्तींना +१००. आमच्या क्षेत्रात व्हीएस कोडचं, म्हणजे कोड लिहायच्या एडिटरचं, अगदी हेच आहे, एक्स्टेन्शन (ॲड-ऑनच ते) तुमच्या खात्याचे सगळे अधिकार घेऊन चालतं, एका रंगसंगतीच्या थीमला सुद्धा. आणि तिथे दुसऱ्या टोकाचा घोटाळाही झाला. २०२५ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने 'मटेरियल थीम' संशयावरून काढून टाकली, लाखो लोकांच्या एडिटरमधून गायब, आणि मग तपासून झाल्यावर माफी मागून परत ठेवली. म्हणजे "स्टोअरने काढलं" हा पण पुरावा नव्हे.

रात्रपाळी
पण 'माणूस बघायचा' याला पण मर्यादा आहे ना. सायबरहेवन कंपनीच्या क्रोम एक्स्टेन्शनचं काय? २०२४ चा डिसेंबर, ऐन नाताळ. लेखक प्रामाणिक, कंपनी डेटा सुरक्षेचीच. स्टोअरकडून आल्यासारखी मेल आली की तुमचं एक्स्टेन्शन नियम मोडतंय, काढलं जाईल. कर्मचाऱ्याने क्लिक केलं, गूगलचंच खरं पान उघडलं, एका ॲपला परवानगी दिली, झालं. पासवर्ड चोरलाच नाही कुणी, दुहेरी पडताळणी असून उपयोग झाला नाही. आणि विषारी आवृत्ती साधारण चार लाख लोकांच्या ब्राउझरकडे आपोआप अपडेट म्हणून निघाली, एखादा दिवस तशीच होती. त्याच टोळीने आणखी कितीतरी एक्स्टेन्शन्स अशीच पकडली होती. आता यात वापरणाऱ्याने आधी काय बघायला हवं होतं? काही नाही.

पाटीपेन्सिल
मग करायचं काय!! इतकं सगळं वाचून शेवटी "काही नाही" हे उत्तर असेल तर मी आपली तारे बघते.

उंटावरची_शहाणी
निवडताना जे कळत नाही त्याचा बंदोबस्त टाकल्यानंतर करता येतो की. मी करते ते सांगते.

क्रोममध्ये किंवा एजमध्ये ॲड-ऑनच्या आयकॉनवर राइट क्लिक केलं की ते कुठे चालावं ते निवडता येतं: सगळीकडे, फक्त ह्या साइटवर, किंवा मी क्लिक करेन तेव्हाच. व्याकरणवालं मला फक्त लिहायच्या साइटवर लागतं, तिथेच ठेवलंय. म्हणजे उद्या ते बिघडलं तरी माझ्या बँकेच्या पानावर ते नाहीच. हे सेटिंग फार कमी लोकांना माहितीये.

दुसरं म्हणजे बँक आणि मुख्य मेल वेगळ्या ब्राउझर प्रोफाइलमध्ये, तिथे एकही ॲड-ऑन नाही. प्रोफाइल बनवायला कष्ट वाटत असतील तर निदान इनकॉग्निटो खिडकी, तिथे मुद्दाम चालू केल्याशिवाय ॲड-ऑन चालत नाहीत.

आणि फायरफॉक्सवर असाल तर 'रेकमेंडेड' बिल्ला बघा. तो नुसता लोकप्रियतेचा नाही, त्या ॲड-ऑनची प्रत्येक नवीन आवृत्ती मोझिलाची माणसं बघून मग सोडतात. क्रोमच्या 'फीचर्ड'मध्ये तेवढा दम नाही, तो बिल्ला असलेली पण नंतर वाईट निघालेली आहेत.

कोडगा
यातच जोडतो. अपडेटमध्ये परवानगी वाढवून मागितली तर क्रोम ते ॲड-ऑन बंद करतं आणि तुम्हाला विचारतं. म्हणून कमी परवानगीवालं घेण्याचा खरा फायदा आज नाही, मालक बदलेल त्या दिवशी आहे. नव्या मालकाला काही वाकडं करायचं तर आधी दार वाजवावं लागेल. ज्याच्याकडे पहिल्यापासून सगळंच आहे त्याला वाजवायचं कारण काय?

टंकबहाद्दर
उशिरा आलो, सगळं वाचलं, आता एक आगाऊपणा. निळीशाई, तुम्हाला स्क्रीनशॉटच हवाय ना? मग ॲड-ऑन कशाला?

फायरफॉक्समध्ये पानावर राइट क्लिक, 'टेक स्क्रीनशॉट', 'सेव्ह फुल पेज'. एजमध्ये कंट्रोल शिफ्ट एस, त्यात पण 'फुल पेज' आहे. क्रोममध्ये जरा लपवलंय: एफ१२ दाबा, मग कंट्रोल शिफ्ट पी, इंग्रजीत स्क्रीनशॉट टाइप करा, 'कॅप्चर फुल साइझ स्क्रीनशॉट' निवडा. फक्त लांब पान असेल तर आधी एकदा खालपर्यंत स्क्रोल करून या, नाहीतर खालची चित्रं लोड न झाल्याने पांढरी येतात.

फुकटफौजदार
मी पहिल्याच प्रतिसादात हेच म्हणालो नव्हतो का? पण सविस्तर लिहिलं की लोकांना पटतं.

निळीशाई
😂 टंकबहाद्दर, आत्ता करून बघितलं, एजमध्ये झटकन झालं. क्रोमचा तो एफ१२ प्रकार मी टीममध्ये सांगितला तर उद्यापासून रोज "ते उजवीकडे काहीतरी उघडलंय ते बंद कसं करायचं" असे फोन येतील, त्यामुळे क्रोम सोडत नाहीत त्या दोघींना दोन नंबरचं टाकून देते. बिघडलं तरी क्लिक केल्याशिवाय त्याला काही दिसणार नाही हे समजलं, तेवढं पुरे. दोन वर्षं अपडेट नाही याचं काय पण?

कोडगा
एवढंसं काम आहे, चालतंय तर अपडेट नसणं हा दोष नाही. फक्त कधीतरी दोन वर्षांनी एकदम नवीन आवृत्ती आली तर मात्र लेखकाचं नाव, ईमेल तेच आहे का ते स्टोअरच्या पानावर बघा. झोपलेलं ॲड-ऑन अचानक जागं होणं ही मला नेहमी खटकणारी गोष्ट आहे.

रात्रपाळी
आणि सगळे कॉम्प्युटर तुमच्याच हातात असतील तर क्रोमच्या पॉलिसीमध्ये 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल ब्लॉकलिस्ट'ला फक्त एक फुली, म्हणजे स्टार, द्यायचा आणि मंजूर ॲड-ऑन 'अलाऊलिस्ट'मध्ये त्यांच्या ३२ अक्षरी आयडीने टाकायचे. नाव सारखं असलं तरी आयडी सारखा नसतो. मग कुणी काही परस्पर टाकूच शकत नाही. शिव्या खायची तयारी ठेवा.

निळीशाई
शिव्या आत्ताच सुरू झाल्यात. एकाच्या ब्राउझरमध्ये कूपन शोधणारं, हवामान दाखवणारं, दोन वेगवेगळी पीडीएफवाली आणि एक असं निघालं की ते काय करतं हे त्यालाच सांगता येईना. "असू दे ना, त्रास देत नाहीये" म्हणतो.

चौकसमामा
मी पण आत्ता यादी उघडून चार काढून टाकली. काढलं की झालं ना? काळजी मिटली?

कोडगा
मामा, काढलं की पुढचं थांबतं. आधी काही नेलं असेल तर ते गेलंच. त्यातलं एखादं सगळ्या साइट्सची परवानगीवालं असेल आणि शंका असेल तर मेल आणि बँक वगैरे ठिकाणी 'सर्व डिव्हाइसेसवरून लॉगआउट' करा, त्याने चोरलेल्या कुकीज बाद होतात, आणि मग पासवर्ड बदला. क्रम महत्त्वाचा, आधी ॲड-ऑन काढा मग पासवर्ड बदला, नाहीतर नवीन पण त्यालाच वाचायला द्याल. आणि ब्राउझर सिंक करत असाल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरची यादी पण बघा.

चौकसमामा
सगळीकडून लॉगआउट केलं. फोनवरून पण झालो. आता मेलचा जुना पासवर्ड काय होता ते आठवत नाहीये आणि तो बदलायची लिंक मेलवरच येणार म्हणतंय.

उंटावरची_शहाणी
मामा, रिकव्हरी फोन नंबर दिलेला असेल, "दुसरा मार्ग वापरा" वर क्लिक करा. आणि शांतपणे करा, घाईत गूगलवर 'पासवर्ड रिकव्हरी' शोधून वरच्या जाहिरातीतलं काही डाउनलोड करू नका प्लीज.